तुरीच्या पटांगणातलं पिकलबॉल

यंदाची तूर आली. सकाळी दार उघडायच्या आतच नाकाला कळलं. नव्या तुरीला ऊन आणि माती एकत्र कुटल्यासारखा कोरडा वास असतो, आणि तो आला की आमच्या दालमिलीतल्या माणसांच्या हालचाली आपोआप वाढतात. पहिली ट्रॉली रिकामी झाली, धुळीचा लोट उठला, चाळणीवर बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर बांधले. मी जिन्यात उभी राहून बघत होते. पटांगणाच्या सिमेंटवर एक पिवळी रेघ अजून दिसते. हमालानं पोतं टाकलं ते नेमकं त्या रेघेच्या आत, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अहो, किचनमध्ये पडलं!" हमालानं आधी पोत्याकडे बघितलं, मग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, मग माझ्याकडे. वैनींचं काहीतरी बिनसलंय असं समजून तो पुढच्या पोत्याला लागला.

त्या बिचाऱ्याला काय सांगणार? गेल्या हंगामात, दिवाळी ते संक्रांत, या पटांगणात मी आणि माझे सासरे पिकलबॉल शिकलो. हे वाक्य लिहून मी जरा थांबलेच. लातूरच्या आमच्या घरात हे घडलं याचं नवल अजून ओसरलेलं नाही, आणि ओसरू नये असंच वाटतं.

आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नाही. भांडण नसतं, राग नसतो, मर्यादा असते. मी मूळची नांदेडची. माहेरी मला भोंगा म्हणत. गल्लीच्या या टोकाला मी हाक मारली की त्या टोकाचा दूधवाला थांबायचा. लग्न होऊन लातूरला आले आणि तो आवाज लग्नातल्या शालूबरोबर घडी घालून ठेवून दिला. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात, सासूबाईंना अव्वा म्हणायचे. आप्पांना काही विचारायचं तर मी अव्वांना सांगायची, अव्वा आप्पांना विचारायच्या, आणि उत्तर आल्या वाटेनं परत यायचं. कितीदा तरी आम्ही तिघं एकाच खोलीत असायचो.

"आप्पा चहा घेणार का, विचारा."

"चा घेता का वो?"

"अर्धा कप."

"अर्धा कप म्हणलालेत."

हे सगळं माझ्या कानांवर पडलेलं असायचं. पण अव्वांनी सांगितल्याशिवाय मी आधण ठेवत नसे. बाहेरच्याला हसू येईल. आम्हाला कधी आलं नाही. वीस-बावीस वर्षं हा कारभार सुरळीत चालला.

मग आषाढात अव्वा गेल्या, आणि घरात उरलो आम्ही दोघं. माझा नवरा महेश नांदेडला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. मुलगी गौरी पुण्यात शिकायला. म्हणजे आठवडाभर एवढ्या मोठ्या घरात एक सासरा आणि एक सून, आणि मधे बोलणारं माणूस नाही. आप्पा खोलीत यायच्या आधी खाकरायचे. मी ताटाशेजारी तांब्या जरा आवाज करून ठेवायची, म्हणजे जेवण वाढलंय. "आज मीठ कमी वाटलालं," असं आप्पा पंख्याला सांगायचे, आणि मी कोशिंबिरीच्या वाटीशेजारी मीठ ठेवायची. दिवस दिवस बोलायचं नाही म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

दसऱ्यानंतर आप्पांनी महेशला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता. "संक्रांत झाली की मी देगलूरकडं जातो, शेतावर. धाकट्या भावापाशी ऱ्हातो. हितं सूनबाईला लई अवघड होऊन ऱ्हायलंय. बिचारी दिसभर पदर सावरत फिरती. माझ्यापायी तिला तिच्याच घरात मोकळं ऱ्हाता येईना."

मला रडूच कोसळलं. अवघड मला होत होतं, पण ते आप्पांच्या असण्यामुळे नव्हे. अव्वांच्या रिकाम्या पाटाशी आप्पा जसे क्षणभर थांबायचे तशीच मीही थांबायची. अव्वांची आठवण त्यांच्याइतकी आणि माझ्याइतकी त्या घरात तिसऱ्या कुणाला येत नव्हती. त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. महेशला म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना." त्यानं सांगितलं. आप्पांचं उत्तर आलं, "तू म्हणतूस रे. तिनं कुठं म्हणलंय?"

तिनं म्हणायचं कसं, हाच तर प्रश्न होता.

दिवाळीला गौरी आली ती एक लांब पिशवी घेऊन. पिशवीत गुंडाळलेली जाळी, चार पॅडल आणि भोकं पाडलेले पिवळे चेंडू. चाळणीवरच्या बायकांनी तो चेंडू हातोहात फिरवून बघितला. "चेंडूची चाळणी कुणी केली वो?" एकीनं विचारलं, आणि बाकीच्यांना हसू आवरेना. पूर्वी भिजवलेली तूर या पटांगणात उन्हाला घालत. वाळवायचं यंत्र आल्यापासून पटांगण हंगाम भरात येईपर्यंत मोकळंच पडलेलं असतं. गेटला देऊन उरलेल्या पिवळ्या रंगानं गौरीनं रेघा मारल्या आणि मला समोर उभं केलं.

"आई, बॅट नाही, पॅडल म्हणायचं. सर्व्हिस कमरेच्या खालून, आणि तिरकी. चेंडू पलीकडे एकदा टप्पा घेणार, मग ते मारणार. आपल्याकडे आला की आपणही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर मग हवेतल्या हवेत मारलास तरी चालेल."

"म्हणजे आधी दोघांनीही थांबायचं?"

"हो. दोघांनीही."

मला हे फार आवडलं. कुणीतरी बसून खेळाचा कायदा केला आणि त्यात पहिल्यांदा काय लिहिलं, तर एकमेकांचा एक एक टप्पा पडू द्या. आपल्या घराघरांत हा नियम असता तर किती वाद वाचले असते!

मग तिनं जाळीला लागून असलेला पट्टा दाखवला. "हे किचन. यात उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही. टप्पा पडला तरच आत जायचं." डोक्यावरून उंच टाकला की तो लॉब. जमिनीलगत सपकन मारला की ड्राइव्ह. आणि जाळीजवळून अलगद उचलून समोरच्याच्या किचनमध्ये सोडला की डिंक.

"डिंक?" पायरीवर मफलर गुंडाळून बसलेले आप्पा म्हणाले. "थंडीत डिंक चांगलाच."

नातीला मर्यादा नसते. गौरीनं सरळ जाऊन त्यांच्या हातात पॅडल दिलं. "आप्पा, नुसते बसू नका. उठा."

"माझं वय हाय का आता?"

"पुण्यात आजोबाच जास्त खेळतात. तरुण पोरं त्यांच्याकडून हरतात."

आप्पा धोतराचा सोगा खोचून उभे राहिले. पहिला चेंडू त्यांनी मारला तो जाळीत, दुसरा थेट चाळणीत. तिसरा लागला. भोकाच्या चेंडूचा एक वेगळाच पोकळ आवाज येतो, टक् असा, दारावर बोटाच्या पेरानं मारल्यासारखा. तो ऐकून आप्पांनी पॅडलकडे असं बघितलं की जणू डाळीचा दाणा दातांत धरून पारखतायत. दिवाळीचे ते चार दिवस गौरी मधे होती, म्हणून सगळं सोपं होतं. "आप्पांना म्हण, पाय मागे घ्या." "आज्जीच्या सुनंला म्हण, चेंडू जोरात न्हाई मारायचा." पोरगी हसून हसून दमायची आणि निरोप पोहोचवायची.

मग तीही गेली.

दुसऱ्या दिवशी पहाट नीट फुटली नव्हती. दव पडून जाळी भिजेल म्हणून ती काढायला मी खाली गेले. बघते तर जाळीपलीकडे आप्पा. स्वेटर, मफलर, धोतर, हातात पॅडल, आणि नजर जमिनीवर. माझा हात पदराकडे गेला. माघारी फिरावं की काय असं झालं. पण चेंडू माझ्याच बाजूला पडला होता.

मी तो उचलला आणि तशीच उभी राहिले. कारण गौरीनं बजावलेला नियम आठवला. सर्व्हिस करायच्या आधी गुण मोठ्यानं बोलायचे. समोरच्याला ऐकू गेले पाहिजेत. त्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. बायका अजून कामावर आल्या नव्हत्या. मांजरसुद्धा नव्हतं कुणाला निरोप द्यायला. आप्पा वाट बघत होते.

"शून्य, शून्य," मी म्हणाले.

आप्पांनी मान वर केली. "हाव," म्हणाले.

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाल्यावर सासऱ्यांशी मी बोललेला पहिला शब्द शून्य होता, आणि दुसराही शून्यच. पण अंगावर काटा आला. एवढंच असतं होय, असं वाटलं. एवढंसं उघडायला एवढी वर्षं लागली होती!

पुढच्या थंडीतल्या सकाळी मला एकातून एक वेगळ्या काढता येत नाहीत. आठवतो तो तोंडातून निघणारा वाफेचा धूर, गार पडलेलं सिमेंट, बाजारातून मिलीकडे येणाऱ्या ट्रॅक्टरची धडधड, आणि जाळीच्या अलीकडे-पलीकडे अगदी जवळ उभे असलेले आम्ही. इतक्या वर्षांत मी आप्पांचा चेहरा समोरून, सरळ कधी बघितलाच नव्हता. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे हे मला पिकलबॉलनं सांगितलं.

आणि आम्ही खेळायचो कसं? सासऱ्यांच्या अंगावर चेंडू मारायला माझा हात धजेना, आणि सुनेच्या दिशेनं जोर लावायला त्यांचा हात उठेना. मग राहिलं काय? अलगद उचलायचं आणि अलगद सोडायचं. ते माझ्या पायाशी फूल ठेवल्यासारखा चेंडू ठेवायचे, मी त्यांच्या पायाशी. टक्, टप्, टक्, टप्. बराच वेळ कुणी चुकायचंच नाही. खेळायला येत नाही म्हणून आपण असं कच्चं-लिंबू खेळतोय, अशी माझी समजूत.

एकदा मात्र माझा चेंडू उसळून त्यांच्या दंडाला लागला. माझ्या हातून पॅडल गळून पडलं. जाळीला वळसा घालून मी धावले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावून छातीशी नेला. आपल्यात पाय लागला तरी करतो, हा तर चेंडू. सवयीनं आप्पांचाही हात आशीर्वादाला वर गेला, पॅडलसकट. चाळणीवरच्या बायका पोट धरून हसल्या. "वैनी, पॉइंट कुणाचा वो मग?"

गौरीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, तुझा. चेंडू ज्याला लागतो, चूक त्याची."

मी थक्क झाले. लागलं त्याची चूक? जन्मभर मी उलटंच शिकले होते. कुणाला काही लागलं की आधी आपण वाकायचं. हा खेळ कुठल्या मुलखातून आला कोण जाणे, पण त्यानं माझी पाठ सरळ केली. पुढच्या वेळी चेंडू लागला तेव्हा मी जागेवरून हलले नाही, फक्त हात जोडले. आप्पा मान हलवून म्हणाले, "चालंल."

शब्द वाढत गेले. आऊट. किचन. पुन्हा. राहू द्या. एकदा एक ड्रॉप जमला तेव्हा आप्पा म्हणाले, "झ्याक!" सर्व्हिस झाली, ती परत आली, की तिसरा फटका जोरात हाणायचा मोह होतो, आणि तिथंच हात सैल सोडून चेंडू किचनमध्ये उतरवायचा असतो. तो ड्रॉप. चेंडू हवेत असतो तेवढ्या वेळात आपण निवांत जाळीपर्यंत चालत जाऊ शकतो. हळू मारल्यानं पुढे जाता येतं! मला याचं अजून नवल वाटतं. कुणाला सांगावंसं वाटतं, पण ऐकणारा म्हणेल, बाईला वेड लागलं.

पण एक होतं. पिवळी रेघ ओलांडून जिन्याशी आलो की आमच्या जिभा पुन्हा टाळूला चिकटायच्या. पुन्हा खाकरणं, तांब्या, पंखा. पटांगणात मी गुण ओरडायची, आणि वर येऊन चहाचा कप न बोलता ठेवायची.

येळवसेला आम्ही देगलूरकडे शेतावर गेलो. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं शहर ओस आणि सगळी रानं माणसांनी भरलेली. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी-आंबिलाचा नैवेद्य झाला, ज्वारी कंबरेवर डोलत होती. जेवणं झाल्यावर धाकट्या काकूंनी मला हौसेनं एक खोली दाखवली. नवा चुना, नवी बाज, भिंतीत खुंटी, कोनाड्यात लिंगपूजेचं साहित्य ठेवायला जागा. "भाऊजींसाठी करून ठिवलीय." खोली छान होती. काही खोट काढायला जागा नव्हती. मी दारात उभी राहून त्या खुंटीकडे बघत राहिले. बाहेर आप्पा बांधावर उभे होते. जाऊन बोलावं असं वाटलं. पण तिथं जाळी नव्हती, गुण नव्हते. काय म्हणून सुरुवात करणार?

नाताळच्या सुट्टीत गौरी आली, शनिवार होता म्हणून महेशही होता. दुहेरी सामना ठरला. बापलेक एकीकडे, सासरा-सून एकीकडे. महेश कॉलेजात क्रिकेट खेळलेला, चेंडू दिसला की हाणायचा. त्याचा हरेक फटका जाळीत नाहीतर रस्त्यावर. आणि आम्ही नुसते डिंक टाकत राहिलो. तो वाकून वाकून घामाघूम झाला. गौरी खेळ थांबवून बघत राहिली. "आई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? लोक महिनोन् महिने घासतात, त्यांचा हात असा हलका होत नाही!" कुणी शिकवलं काय सांगू? मर्यादेनं शिकवलं. जी मर्यादा आम्हाला बोलू देत नव्हती, तिनंच हाताला हे दिलं होतं.

पण हरत होतो आम्हीच. कारण गौरी हुशार. तिला आमचं मर्म सापडलं. ती प्रत्येक चेंडू आम्हा दोघांच्या बरोबर मधे टाकायला लागली. मोठ्यांच्या आधी कसा घ्यायचा, म्हणून मी मागे सरायची. सुनेला धक्का लागेल म्हणून आप्पा अंग चोरायचे. चेंडू आमच्या मधून सन्मानानं निघून जायचा.

"आई, ओरड की!" माझी विरोधक असून शेवटी तीच कळवळली. "'माझा' म्हण, नाहीतर 'सोडा' म्हण. दुहेरीत गप्प राहून चालत नाही!"

माझं तोंड उघडेना. आप्पांना सोडा म्हणू? मी? गुण बोलणं वेगळं, हुकूम सोडणं वेगळं. तरी महेशच्या चुकांवर आम्ही कसेबसे पुढे आलो आणि शेवटचा गुण आला. महेशनं उंच, सणसणीत फटका मारला. चेंडू डोक्यावरून बाहेर चालला होता, मला स्वच्छ दिसत होता, आणि आप्पा टाचा उंचावून त्याला पॅडल लावायला निघाले होते.

"आप्पा, सोडा!"

नांदेडच्या गल्लीतला आवाज होता तो. मिलीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आप्पांनी हात खाली घेतला. चेंडू रेघेबाहेर पडला आणि आम्ही जिंकलो, पण टाळ्या कुणी वाजवेना. चाळण्या थांबल्या होत्या. महेशचा आ वासलेला. सुनेनं भर पटांगणात सासऱ्याला दरडावलं होतं. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं वाटलं.

आप्पा खांदे हलवत होते. आधी मला वाटलं खोकतायत. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांना मफलर लावला.

"लई दिसांनी," म्हणाले, "ह्या घरात माझ्यावर कुणी वरडलं. गौरीची आज्जी वरडायची."

त्या दिवसापासून आम्ही हरलोच नाही. मधला चेंडू आला की मी ओरडायची, आप्पा ऐकायचे. पण देगलूरचं मी काढलं नाही, आणि त्यांनीही नाही.

संक्रांतीच्या आसपास तूर दणकून आली. गौरी पुण्याला, महेश नांदेडला. पोती येऊन पडायला लागली तशी जाळी गुंडाळावी लागली, आणि बघता बघता रेघा थप्पीखाली गेल्या. आमची बोलायची जागाच गेली. घर पुन्हा गप्प झालं. आणि संक्रांतीची कर उलटली तशी सकाळी देगलूरहून जीप आली.

आप्पांनी कोट घातला, टोपी घातली, चपला घातल्या. पिशवी हातात घेऊन उंबऱ्याशी आले आणि दाराच्या चौकटीला म्हणाले, "निघतो म्हणावं."

मी स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभी होते. माझ्याजवळचे सगळे शब्द मी मनात उलटेपालटे केले. शून्य, आऊट, किचन, माझा, सोडा. त्यातला एकही इथं चालणारा नव्हता. यासाठी खेळात शब्द नाही. तो माझा मलाच काढायला हवा होता.

"जाऊ नका," मी म्हणाले. म्हणजे ओठ हलले. आवाज फारसा निघालाच नाही.

आप्पा वळले. चौकटीकडे नव्हे, भिंतीकडे नव्हे, पंख्याकडे नव्हे. माझ्याकडे बघून बोलले.

"मोठ्यानं म्हण, सूनबाई. भाईर जीपवाल्याला ऐकू गेलं पायजे."

"आप्पा," मी ओरडले, "जाऊ नका!"

पटांगणातल्या चाळण्या थांबल्या. बाहेर जीपचं इंजिन बंद झालं. आप्पांनी उंबऱ्यातच पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या.